उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हाची दाढी

तीन वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. लिहिणं, शर्टाची बटणं, दाराला किल्ली लावणं, सगळ्याचे व्हायचे ते हाल झालेच, पण मला खरी धास्ती होती दाढीची. माझे केस राठ, आणि गळ्यावरचे तर मनाला येईल त्या दिशेला उगवलेले. उजव्या हाताने वीस वर्षं दाढी करूनही आठवड्यातून दोनदा तरी कापायचंच. तिथे डावा हात काय दिवे लावणार?

"वाढू दे की सहा आठवडे," बायको म्हणाली. वाढवली. दहाव्या दिवशी प्लास्टरच्या आत खाज आणि हनुवटीखालीही खाज, अशी दोन्हीकडून कोंडी झाली. प्लास्टरच्या आत खाजवता येत नव्हतं, निदान दाढी तरी काढावी म्हणून कात्रीने बारीक करून घेतली आणि सेफ्टी रेझर डाव्या हातात धरला.

त्या सकाळी बेसिनपाशी काय काय झालं ते मला तपशीलवार आठवतं, कारण प्रत्येक गोष्टीला चौपट वेळ लागत होता. साबणाची डबी धरायला दुसरा हात नाही, म्हणून ती घसरू नये यासाठी खाली ओला नॅपकिन अंथरला. चेहरा एकाच हाताने धुतला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा निम्मं पाणी कोपरावरून सदऱ्यात गेलं. मग ब्रश. डाव्या हाताला गोल फिरवायची सवय नाही. ब्रश कधी गालावरून घसरून कानात जाई, कधी नाकात. फेस जमेना. पाणी घालावं तर जास्त पडे, मग पुन्हा साबणावर ब्रश घासायचा, पुन्हा गाल. पाच-सहा मिनिटं गेली असतील. बाहेरून दारावर थाप पडली, "झोप लागली का आत?"

शेवटी रेझर लावला. जीव मुठीत धरून, नखाएवढे छोटे हात मारत. पूर्ण झाल्यावर चेहऱ्यावर पाणी मारलं, आरशात पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. कुठे लाल नाही. कुठे रक्त नाही. ओली तुरटी गळ्यावर फिरवली. झोंबलंच नाही! ज्यांनी दाढीनंतर तुरटी लावली आहे त्यांना याचा अर्थ कळेल. तुरटी म्हणजे प्रगतिपुस्तक असतं. डोळ्यांना न दिसणारे ओरखडेही ती एकेक करून मोजून दाखवते.

पुढचे महिनाभर हेच. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो की माझा डावा हात जन्मजात कसबी आहे, उगाच आयुष्यभर उजव्याच्या नादी लागलो. प्लास्टर निघालं. दोन-तीन आठवड्यांत मनगट मोकळं झालं आणि एका सोमवारी, उशीर झालेला असताना, मी पूर्वीसारखी उजव्या हाताने झटपट दाढी केली. गळ्यावर दोन ठिकाणी कापलं. कागदाचे तुकडे चिकटवून ऑफिसला गेलो. तिथे कोणी काही बोललं नाही, पण सगळे हसले.

आता इथे एक कबुली. तोवरची वीस वर्षं मी दाढीचा प्रत्येक दोष ब्लेडच्या माथी मारला होता. दोन पात्यांचं झालं, तीन पात्यांचं झालं, पाच पात्यांचं झालं. मग एकदम उलटं फिरून जुन्या पद्धतीचा, एकाच ब्लेडचा, वजनदार स्टीलचा रेझर घेतला. त्यात घालायला दहा प्रकारची ब्लेडं मागवली. कोणतं धारदार, कोणतं मवाळ, कोणतं तिसऱ्या दाढीनंतर बसतं, यावर मित्रांना प्रवचनं दिली. चेहऱ्याला पाणी लावणं आणि फेस करणं या दोन गोष्टी मात्र बुटाला पॉलिश करण्याआधी धूळ झटकावी तितक्याच मनाने करत होतो. क्रीमचा ठिपका, ब्रशचे दहा-बारा फेरे, पांढरं दिसलं की चल.

डाव्या हाताच्या यशामागे दोन कारणं असू शकत होती. एक तर हलका, छोटा हात, दुसरं म्हणजे नाइलाजाने केलेली ती लांबलचक तयारी. आधी पहिलं तपासलं. उजव्या हाताने, मुद्दाम हलके छोटे हात, पण फेस पूर्वीसारखा घाईचा. कापलं नाही, हे खरं. पण दाढी निघालीही नाही धड. एकाच जागेवरून तीनदा, चारदा जावं लागलं आणि संध्याकाळपर्यंत गळ्याची आग आग.

मग चेहऱ्याचे दोन भाग केले. आठ दिवस. एका गालावर थोडं पाणी, दहा सेकंदांचा फेस, लगेच ब्लेड. दुसरा गाल साबणाने धुवायचा, कोमट पाण्यातला रुमाल त्यावर दोन मिनिटं धरायचा, मग दोन मिनिटं ब्रश. ब्लेड तेच. कोणत्या गालाला पहिली कोरी धार मिळते त्याने निकाल बदलू नये म्हणून सुरुवातीची बाजू रोज बदलायची. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं आहे आणि ती वही पाहून बायकोने जो चेहरा केला तोही माझ्या लक्षात आहे.

निकाल लागला तो डोळ्यांनी नव्हे, कानांनी. न भिजवलेल्या गालावर ब्लेड वाजतं. वाळूचा कागद लाकडावर हळूच ओढल्यासारखी खरखर, आणि मध्येच टक्‌ असा आवाज, जिथे एखादा खुंट अडून मग सुटतो. भिजवलेल्या गालावर आवाज खाली जातो, मऊ होतो, लक्ष दिलं तरच ऐकू येतो. तोच रेझर, तोच हात, तीच सकाळ. चौथ्या दिवशी मी डोळे मिटून सांगू शकलो असतो कोणता गाल चाललाय. (डोळे मिटून दाढी करू नका.)

आणि दाबाचं कोडंही तिथेच सुटलं. कोरड्या बाजूला माझा हात आपोआप दाबत होता. कळतसुद्धा नव्हतं. ब्लेड अडलं की मनगट जोर लावतं, हे सांगून थांबत नाही. "हात हलका ठेवा" हा सल्ला मी शंभरदा ऐकला होता, पण हात हलका ठेवता यायला ब्लेड आपसूक सरकावं लागतं. आधी ते घडायला हवं, मग हात हलका होतो.

केस म्हणजे केराटिन, नखं ज्याची बनतात तेच प्रथिन. त्याच्या आतल्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे जे हायड्रोजन बंध असतात ते पाण्याने सैल पडतात. केस पाणी पितो, फुगतो, नरम पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. पण हे पाणी लावल्या क्षणी होत नाही, दोन-तीन मिनिटं जावी लागतात. शिवाय केसावर त्वचेतल्या तेलाचा पातळ लेप असतो, तो पाण्याला आत जाऊ देत नाही. म्हणून आधी साबणाने धुणं. नुसतं पाणी शिंपडून तोंड पुसलं तर ते पाणी लेपावरून ओघळून बेसिनमध्ये जातं. मी वीस वर्षं बेसिन भिजवत होतो.

पाणी गरम हवं का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं की कोमट पाण्याने काम लवकर होतं, तेल लवकर सुटतं, पण खरं महत्त्व वेळेला. गार पाण्यानेही मी उत्तम दाढी केली आहे, फक्त जास्त वेळ भिजवून. कढत पाणी मात्र नको. त्याने त्वचा आधीच लालबुंद होते आणि मग आग ब्लेडने झाली की पाण्याने, तेच समजत नाही. अंघोळीनंतर लगेच दाढी करणं सगळ्यात सोपं, निम्मी तयारी फुकटात झालेली असते. पण अर्धा तास वाफेत बसून येऊ नका, त्वचा फार मऊ पडली की तीही ब्लेडखाली यायला लागते.

ब्लेड आणि केस यांच्या झटापटीबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हा मी चाटच पडलो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. ब्लेडच्या पोलादापेक्षा केस सुमारे ५० पट मऊ, तरी ब्लेडची धार जाते, ती कशी? त्यांच्यातल्या एकाने चक्क स्वतःची दाढी केली आणि वापरलेलं ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार नुसती झिजून गोल होत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते. केस वाकला आणि धारेला तिरका भिडला की केसाच्या कडेपाशी, पोलादातल्या एखाद्या कमकुवत जागी, टवका निघतो. तोवर मला वाटायचं ब्लेड कापतं आणि केस मुकाट कापला जातो. तर तसं नाही. केसही उलट वार करतो.

आता फेस. इथे माझी दुसरी मोठी चूक होती. फेस म्हणजे भरपूर, फुगलेला, गालावर इंचभर उभा राहणारा, असं मी धरून चाललो होतो. जाहिरातींत तसाच दिसतो. पण ब्लेड चालतं ते त्वचेला टेकलेल्या अगदी पातळ थरावरून. वरचा सगळा डोलारा हवेचा. त्या खालच्या थराने दोन कामं करायची असतात, केसाभोवती पाणी धरून ठेवायचं आणि ब्लेड सरकवायचं. हवा यातलं एकही काम करत नाही.

सध्या मी कसा करतो ते सांगतो. सिंथेटिक केसांचा ब्रश आहे, त्याला भिजत ठेवावं लागत नाही. पूर्वी रानडुकराच्या केसांचा होता, तो मात्र चार-पाच मिनिटं पाण्यात ठेवल्याशिवाय कुंच्यासारखा टोचायचा. ब्रश ओला करून दोन-तीनदा झटकायचा, टपकता नको. मग साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट गोल गोल. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, ते फसवे. तसंच फिरवत राहिलं की बुडबुडे मरतात आणि ब्रशच्या टोकांवर दाट, चिकट, मलमासारखा लगदा जमतो. घाई करणारा बुडबुडे दिसताच थांबतो. मीही थांबायचो.

हा लगदा थेट चेहऱ्यावर न्यायचा. वाटीत घोटणारे वाटीत घोटतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण प्लास्टरच्या दिवसांत वाटी धरायला हात नव्हता आणि तीच सवय राहिली. शिवाय चेहऱ्यावर घोटलं की ब्रश खुंटांच्या बुडाशी जातो, त्यांना उभं करतो, फेस होता होता भिजवणंही चालू राहतं. लगदा गालावर पसरला की तो निस्तेज दिसतो, ब्रश अडखळतो. आता पाणी. थेंबांनी. ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवायची, नाहीतर बोटं भिजवून ब्रशवर झटकायची, आणि पुन्हा फिरवायचं. पुन्हा दोन-चार थेंब. पुन्हा फिरवायचं. असं तीन-चारदा केल्यावर एका फेऱ्याला फेसाचा पोत अचानक बदलतो. ब्रश ओढायचा थांबून पोहायला लागतो. निस्तेज पांढऱ्यावर ओल्या रंगासारखी चकाकी येते, बुडबुडे नजरेला दिसेनासे होतात, आणि ब्रश उचलला की फेसाचं टोक उभं न राहता हळूच मान टाकतं. तिथे थांबायचं.

त्यापुढे आणखी पाणी घातलं तर फेस मानेवरून ओघळायला लागतो. पण गंमत अशी की पाणी कमी पडलेला फेस जास्त धोक्याचा, कारण तो दिसायला देखणा असतो. दाट, भरदार, कडा तासल्यासारख्या. आणि ब्लेड त्यात रुततं. शंका आली तर थोडा फेस अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहावा. बोटं घसरली पाहिजेत. चिकटून ओढली गेली तर अजून थेंब हवेत.

अंगाचा साबण चालतो का, हे मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. चालतो, म्हणजे कशीबशी दाढी निघते. पण त्याचा फेस एक गाल होईतो दुसऱ्यावर सुकतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. त्यात सोडियमच्या जोडीला पोटॅशियमचाही साबण असतो, तो पाण्यात लवकर विरघळतो. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. अंगाच्या साबणाकडून टिकण्याची अपेक्षा नसते, तो लगेच धुवायचाच असतो. त्याची चूक नाही.

सगळं जमलं असं वाटत असतानाच आम्ही घर बदललं आणि माझा फेस गेला. तोच साबण, तोच ब्रश, पण लगदा जमेना, पाणी घातलं की राखाडी साय धरून मरून जाई. चार दिवस मी साबण बिघडला म्हणत होतो (सवय जात नाही). पाच दिवसांनी बादलीच्या कडेला पांढरा थर दिसला तेव्हा डोक्यात उजेड पडला. नव्या घरी बोअरचं पाणी होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा न विरघळणारा साका करतात. म्हणजे साबणाचा पहिला हप्ता त्यांनाच जातो, उरला तर फेस. फिल्टरचं पेलाभर पाणी दाढीपुरतं बाजूला काढून ठेवलं आणि फेस परत आला. एवढ्यासाठी कोणी नवीन साबण घेऊ नये.

कधी कधी वाटतं, ही साधी गोष्ट मला इतक्या उशिरा का कळली? थोडा दोष काळालाही देतो. किंग कॅम्प जिलेटला सेफ्टी रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. आदल्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली होती. पुढे ब्लेडचा धंदा केवढा वाढला ते आपण जाणतोच. लवकरच ब्रश न लागणारी क्रीमं आली. १९२५ च्या बर्मा-शेव्हने तर अमेरिकेत रस्त्याकडेला ओळीने यमकातल्या पाट्या लावून ती खपवली. १९५० च्या आसपास दाबताच फेस ओकणारे डबे आले. प्रत्येक नव्या वस्तूचं वचन एकच, वेळ वाचेल. वाचला असेलही. माझा तरी तो गळ्याला मलम लावण्यात गेला.

डब्यातला फेस अगदी टाकाऊ, असं मी म्हणत नाही. चेहरा आधी नीट भिजवला आणि तो फेस हाताने न थापता ओल्या ब्रशने चोळला तर बऱ्यापैकी काम करतो. पण डब्यातून निघताना तो आधीच 'तयार' दिसतो, त्यामुळे माणूस भिजवणं विसरतो. त्यातली हीच गोष्ट मला खटकते.

परवा भाचा राहायला आला होता. एकोणीस वर्षांचा, जबड्याखाली लाल पुटकुळ्यांची रांग. कुरळे केस फार खोल कापले गेले की वाढताना वळून त्वचेतच शिरतात, त्यातलं हे. पाच पात्यांचा रेझर, उलटा हात, रोजच्या रोज.

"मामा, ब्लेड कुठलं घेऊ?"

"आधी तोंड धू."

"धुतलं."

"साबणाने?"

गेला, धुऊन आला. पुटकुळ्या बसेपर्यंत फक्त सुलटा हात, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, असं बजावलं. ती दिशा कशी ओळखायची तेही दाखवलं. दोन दिवसांच्या दाढीवरून बोट फिरवायचं, जिकडे गुळगुळीत लागेल तिकडे सुलटं. त्याच्या गळ्यावर डावीकडे केस चक्क आडवे, कानाकडे निघालेले. घराणंच तसं. मग ओला रुमाल दिला आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून दिली. तीन मिनिटांत त्याने सात वेळा मोबाइल पाहिला. ब्रश, साबण, थेंब सगळं एकदा करून दाखवलं आणि त्याला आत एकट्याला सोडून मी बाहेर दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसलो.

थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. खर्र. खर्र. टक्‌.

"पाणी कमी पडलंय," मी पेपर खाली न ठेवता म्हणालो.

आवाज थांबला. "मामा, तुला बाहेरून कसं कळलं?"

मी उत्तर दिलं नाही. नळाची धार ऐकू आली, मग ब्रशची सळसळ, बरीच लांबलेली. आणि त्यानंतर कितीतरी वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही.